खिडकीखालची टाकी

४ जानेवारी १९९४
माझ्या लेकाला, रामदासला, परत काहीतरी सुचलं. वऱ्हाडं नेऊन खिळखिळी झालेली मिनीबस. त्यातल्या सीटा काढून दोन बाकं टाकली, स्टो बसवला, पन्नास लिटरची पत्र्याची टाकी बसवली. चाकावरचं घरच हाय ते. रामेश्वरला जायचं ठरलंय. डाव्या खिडकीचं बाक माझं, असं दिवाळीत सगळ्यांसमोर बोलला होता.
आज बोलतो, टाकी बदलायची. दोनशे लिटरची पायजे. का? तर सासूबाई पण येतात. सुनेची, म्हणजे लताची आई. ठाण्याची. तिला रोज दोन बादल्या गरम पाणी लागतं आंघोळीला, आणि दुसऱ्याच्या न्हाणीत ती पाय ठेवत नाय.
मी बोलले, मिठागरावर मी जन्मभर तांब्याभर पाण्यात अंग धुतलं.
"तुला सवय हाय, आई. त्यांना नाय."
सवय. बरं.
ठाणेवाली असं सगळं लिवायला शाई जाते. पुढे नुसतं ठा.

७ जानेवारी
रोडपालीचा वेल्डर माप घेऊन गेला. टाकी माझ्याच बाकाखाली बसते. बाक हातभर वर जाणार. वर कोण चढणार? माझे गुडघे? मी काय कोंबडी हाय, संध्याकाळी उडी मारून फळीवर बसायला?
रामदास बोलला, "वर लता नि बेबी झोपतील. समोर सासूबाई. तू मधी खाली गादी टाक, ऐसपैस होईल."
बेबी म्हणजे माझी नात, सात वर्षांची. तिला खिडकी. ठा.ला खिडकी. मला दोघींच्या चपला.

१० जानेवारी
ठा. टाकी बघायला आली. रामदास स्टेशनवर आणायला गेला. मी मागच्या साली दवाखान्यातून सुटले तेव्हा बोलला होता, रिक्षा करून ये.
नानकटाई आणलीन डबाभर. रामदासने चार खाल्ल्या. "काय खुसखुशीत!" माझ्या हातच्या भाकरीवर जगला, एकदा तरी तोंडातून काय निघालं असेल तर शपथ.
ठा.ने टाकीवर बोटाने टकटक केलं. "अगोबाई, स्टीलची! इहीणबाई, तुमी पण घ्या हो यातलं आंघोळीला. संकोच करू नका."
माझ्या लेकाची गाडी, माझ्या लेकाची टाकी, आणि पाणी मला ही देणार.
बोलले, "संकोच कसला? तुमचं उरलं तर घेईन."
लताने स्वैपाकघरात भांडं आपटलं. आपटू दे.

१४ जानेवारी
संक्रांत. ठा.कडून तिळगूळ आला. गोड बोला म्हणे. तोंडात घातला. बोललेच नाय.

१६ जानेवारी
गाडी चालवून बघायला कर्नाळ्यापर्यंत गेलो. टाकी अर्धी भरलेली. ठा. समोरच्या बाकावर पाय पसरून, मी खाली.
घाटाच्या वळणावर गाडी एकदम कलली. रामदासने सुकाणू सरळ केलं तर गाडी दुसरीकडे. बेबी वरून पडली ती माझ्या अंगावर. मी खाली होते म्हणून बरं, नायतर डोकं फुटलं असतं. ठा.ने खिडकीबाहेर सगळं ओकून टाकलं. तिळगुळासकट.
रामदास घामाघूम. "स्प्रिंगा गेल्या वाटतं."
स्प्रिंगा कसल्या. मला लगेच कळलं. गळ्यापर्यंत भरलेला हंडा गप बसतो, अर्धा हंडा नाचतो. मिठागरावर गोडं पाणी खाडीतून होडीने यायचं. माझा नवरा एक मोठं पिंप कधी घ्यायचा नाय. दोन लहान, होडीच्या दोन बाजूंना.
मी काय बोलले नाय.

१८ जानेवारी
नव्या स्प्रिंगा घातल्या. गाडी तशीच डुलते. रामदास जेवला नाय. लताला बोलत होता, "नाय जमलं तर जुनीच टाकी घालू. मग तुझ्या आईला नको न्यायला, त्यांचे हाल होतील."
मी चुलीपुढे बसून ऐकलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. खिडकी परत माझी. चहात साखर जास्त घातली.

१९ जानेवारी
सकाळी सांगतो, तारीख ठरलीय, सासूबाईंना नाय म्हणवत नाय, सावकाश चालवू. अशीच घेऊन जाणार! घाट किती असतील वाटेत? आणि बेबी वरच्या बाकावर.
दिवसभर जीव कुठे लागला नाय.

२० जानेवारी
सांगितलं. पण फुकट नाय.
"आधी बोल, डावी खिडकी कुणाची?"
"आई, आता खिडकीचं काय मधीच?"
"कुणाची?"
"तुझी, बाई, तुझी."
मग बोलले. एका टाकीच्या दोन कर. दोन्ही बाकांखाली एकेक, बसक्या. बाक चार बोटंच वर जाईल. पाणी दोन्हीकडे सारखं राहील. आणि बेबी माझ्या कुशीत झोपेल, लता खाली.
रामदास बोलला, "हे परवा का नाय बोललीस?"
"विचारलंस कुठे? सासूला विचारत होतास."

२५ जानेवारी
दोन टाक्या बसल्या. दोन नळ. कर्नाळ्याला परत जाऊन आलो, बराच फरक. पूर्ण नाय, पाणी अजून थोडं हिंदकळतं.
ठा. तिच्या बाकावर बसून बोलली, "जावईबापूंचं डोकं बघा कसं चालतं!"
रामदास हसला. माझं नाव काढलं नाय. एवढंसं तोंड उघडायला काय झालं होतं?
आता रामेश्वरपर्यंत ती त्या खिडकीत, मी या खिडकीत. समोरासमोर.

२७ जानेवारी
उद्या निघायचं. दोन्ही टाक्या भरल्या.
हंडा हिंदकळू नये म्हणून आमी वर आंब्याची डहाळी टाकायचो, तशी आज आणली. धुतली. पानं नळात जाऊ नयेत म्हणून दोऱ्याने बांधून माझ्या टाकीच्या झाकणाला लटकवली.
तोडताना दोन तोडल्या होत्या. दुसरी घेऊन ठा.च्या टाकीपाशी उभी राहिले. झाकण उघडलं. पाण्यात माझंच तोंड दिसलं. झाकण लावलं.
डहाळी ओल्या फडक्यात गुंडाळून उशाला ठेवलीय. सकाळपर्यंत सुकणार नाय.