पाट लावला

(कार्ड)
साक्री, ता. ६ जानेवारी १९५५

ती. अक्कास चुडामणचा शि. सा. नमस्कार. मी खुशाल. थंडी फार. फॉरेस्ट कचेरीतली कारकुनी चालू आहे. मुख्य बातमी अशी की काल पाट लावला. सुमनला जाऊन तीन वर्षं झाली, मन धजत नव्हतं. पण असं बेचव किती दिवस जगायचं? आमच्या उखर्डू गार्डाने धीर दिला, जुळवाजुळवही त्यानेच केली. तुझ्या भरिताची सर नाही, पण घरात चव आली. कार्ड भरलं. माया आहेच, ती राहू दे.
चुडामण

भादली, ता. १२ जानेवारी १९५५

चि. चुडामण यास बेबाअक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पोस्टमन अभिमनभाऊ तुझं कार्ड वाटेतच वाचून आले आणि माझ्या हाती देण्याआधी गल्लीला सांगून मोकळे झाले. वेड्या, पाट लावलास आणि वर थंडी फार म्हणून लिहितोस! बाई कोण, कुठली, पहिल्या घरचं लेकरू आहे का, काही तरी लिहायचं होतंस. एका विधवेला तू घर दिलंस, मला फार बरं वाटलं. ओट्यावर बसून रडले.

तिच्या भरिताला नावं ठेवू नकोस. तिकडे जाळायला कपाशीच्या वाळक्या पराट्या कुठे मिळणार? त्यांच्या धुरावर वांगं भाजलं की चव येते, त्यात माझं काय मोठंसं? भावकी बोलेल. बोलू दे. माझाही पाट लावायची गोष्ट निघाली होती, तुला आठवत नसेल. आबा नाही म्हणाले, मीही गप्प राहिले. तेव्हापासून एकच ताट वाढून घेते आणि म्हशीशी बोलते. म्हणून सांगते, आधी एकटा जेवून तिला मागून बसवू नकोस. दोघं बरोबर बसत जा.

पेटीत हिरवं लुगडं होतं, घडीही न मोडलेलं. माझ्या काय कामाचं? एस.टी.ने पाठवलं आहे. वहिनीला नेसव. दोघांवर माझा जीव आहे, पत्राला आळस करू नये.
बेबा

साक्री, ता. १९ जानेवारी १९५५

ती. अक्काच्या चरणी चुडामणचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

लुगडं पोचलं. अक्का, कसं सांगू? बाई कोणी नाही. कार्डावर जागा पुरवायच्या नादात माझा एक शब्द राहिला. पाट निखाऱ्यावर लावला, लाकडाचा, जेवायला बसायचा.

इकडे जंगलात उखर्डू ओल्या फळीवर मासे ठेवून ती फळी निखाऱ्यावर ठेवतो. लाकूड खालून धुमसतं, धूर वर मुरतो. त्याने मला वांग्याचं तसं करायला सांगितलं, वांगी-निखारेही त्यानेच आणून दिले. घरात फळी म्हणजे दोन पाट. माझा घेतला तर बसू कशावर, म्हणून सुमनचा घेतला. रात्रभर बादलीत भिजवला, वांगी चिरून त्यावर मांडली, वर पातेलं पालथं घातलं. आंब्याच्या लाकडाचा धूर घरभर झाला. लसूण-मिरची घालून ताटातच रगडलं. तुला सांगतो, बोटं चाटली. मग पाट उचलला, तर मधोमध काळं भोक. सुमन गेली तेव्हा लोक होते, धावपळ होती. या वेळी मी एकटाच होतो, आणि फार रडलो. हे कार्डावर मावलं नसतं.

तुझ्यावर रागावलो नाही. उलट तुझं पत्र दोनदा वाचलं. टपाल इकडून तिकडे जाईपर्यंत तुझ्या मनात माझ्या घरी दोघं जेवत होते. ते चुकीचं होतं हे कळवायला आज हात उचलत नव्हता. तुझ्या पाटाची गोष्ट मला खरंच ठाऊक नव्हती. तेव्हा मी लहान होतो. मोठा असतो तर आबांशी भांडलो असतो.

काल सुताराकडे गेलो. किती पाट, असं त्याने विचारलं, तर माझ्या तोंडून दोन निघाले. एकला माणूस, दोन कसाले, असं तो म्हणे. मी सांगितलं, माझी अक्का राहायला येणार आहे. म्हैस टाकून तू येणार नाहीस, मला माहीत आहे. तरी दुसऱ्या पाटावर लुगड्याची घडी ठेवली आहे. ते तुझंच आहे, तूच येऊन नेस. लोक बोलतील, बोलू दे.

वाट पाहणाऱ्या भावावर ममता असू द्यावी.
चुडामण