शालूबाईचा वाटा

बंगळूर, ५ ऑगस्ट २०२४

ती. आईस,
मानसीचा सविनय जय भीम.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की शेजारच्यांना भांडण वाटतं, त्यामुळे आपलं पत्रच बरं.

इथे माझं ठीक चाललंय. दिवसभर कोणत्या बाजारात किती टक्के वाढ झाली त्याचे अहवाल लिहायचे, संध्याकाळी खोलीवर येऊन खिचडी टाकायची. परवा सुट्टी होती म्हणून बसल्या बसल्या तुझ्या पिठलं-भाकरीचाही अहवाल केला. हसू नकोस. तू बँकेत भरतेस त्यावरून यंदाची वाढ निघाली चार टक्के. आमच्याकडे चार टक्के म्हटलं की साहेब रागावत नाहीत आणि चहाही पाजत नाहीत.

पण लेण्यांच्या पायथ्याशी यंदा गर्दी केवढी आहे. पार्किंगवाला ओंकार फोनवर म्हणाला, सगळ्यांचाच धंदा वीस टक्क्यांच्या वर गेलाय. त्यात शेजारची शालू मावशी आजारी, तिची टपरी बंद, म्हणजे तिचं गिऱ्हाईकही तुझ्याकडेच. मग तुझे चारच का? कोणी फसवत असेल तर सांग.

लोभ आहेच, तो चार टक्क्यांवर अडू नये ही विनंती.

तुझी मानसी


भाजे, १४ ऑगस्ट

चि. मानसीस,
आईचा जय भीम आन आशीर्वाद.

मला कोण फसवतंय बाई. मीच निम्मं देते. आमचं दोघींचं पहिल्यापासून ठरलेलं हाय, गिऱ्हाइकाची एक गाडी माझी, दुसरी तिची. तिची भाकर संपली तर माझी, माझं पिठलं संपलं तर तिचं. मी नवी बसले तवा गावातली लोकं म्हणायची, चंपाच्या हातचं कोण खाणार. तर हिनं आपलं गिऱ्हाईक आणून माझ्या बाकड्यावर बसवलं, आन त्यांच्या आदी आपण ताट वाढून घेतलं. देशमुखाच्या घरची सून, पण कुणाला भ्याली न्हाई.

शिवरात्रीला तिच्या अंगावरून वारं गेलं. तिचा पप्पू तिला औंढ्याला आपल्या घरी घेऊन गेला. मी टपरी बंद केली न्हाई. दुसरी गाडी आली की तिच्या चुलीवर भाकरी टाकते, पैसे येगळे ठेवते. एकटीच्या हातानं हुतंय तेवढंच, म्हणून तुझे चार टक्के. सोमवारी औंढ्याला जाते, पैसे तिच्या हातात देते, कोण आलतं, कुणी नाक मुरडलं, सगळं सांगते. ती अर्ध्या तोंडानं हसती. आदी बोटं हालत नव्हती, आता वाटी धरती. दर सोमवारी उगं जरा जास्त. तुमच्यात ह्याला किती टक्के म्हणतात त्ये कळव.

थंडीत मी चुलीवर येते म्हणती. धंदा चालू हाय ह्याच आशेवर ती उठून बसती. तवा वाढीचं राहू दे.

जिवाला जप. माया हाय तशीच असू दे.

तुझी आई


बंगळूर, २ सप्टेंबर

ती. आईस,
सविनय जय भीम. वि. वि.

पत्र वाचून तुझं कौतुकही वाटलं आणि रागही आला. दोन चुलींपुढे एकटी वाकून तुझी पाठ गेली असणार. दोन वर्षांपूर्वी तू आठवडाभर उठली नव्हतीस, ते मी विसरलेले नाही. मावशीबद्दल मलाही वाटतं, पण न येणाऱ्या माणसाला निम्मा धंदा देऊन कुठलाच धंदा चालत नाही.

तुला बोलणं अवघड जाईल म्हणून मीच पप्पूदादाला फोन केला. त्याला म्हटलं, मावशीच्या औषधाला आम्ही दरमहा ठरावीक रक्कम देऊ, टपरी मात्र आई आपल्या नावावर चालवेल. त्या वाढीतून मदतीला एक बाई ठेवता येईल. तो नुसतं बरं म्हणाला. मला वाटतं त्यालाही पटलंय. आता तू फक्त हुकूम सोडायचे आणि गल्ल्यावर बसायचं.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी मानसी


भाजे, १७ सप्टेंबर

चि. मानसीस,
आशीर्वाद.

काल सोमवार म्हणून औंढ्याला गेलते. शालूबाईनं भिंतीकडं तोंड केलं. मी पैसे हातात दिले तर मूठच उघडीना. मला वाटलं हात पुन्हा अडला. पप्पू बाहेर घेऊन गेला आन म्हणाला, मावशी, मानसीचा फोन आलता त्यो मी आईला सांगितला, न सांगून चालण्यासारखं नव्हतं. तवापासून ती हाताचा व्यायाम करत न्हाई. म्हणती, माझी चूल मोडा, तवा-परात कुणाला तरी देऊन टाका, आता मी कुटं जाणार हाय.

मी लय समजावलं. म्हटलं, पोरगी लांब असती, तिला हितलं काय कळतंय. ऐकून घेतलं, पण माझ्याकडं बघितलं न्हाई. इतकी वर्षं शेजारी बसलो, असं कदी केलं न्हाई तिनं.

फोन नगं, फोननंच बिघडलंय. तू तिला पत्र लिही. चुकलं म्हण, मावशी तुमची चूल तुमचीच हाय म्हण. माझं ती ऐकत न्हाई, तुझं ऐकंल. लवकर लिही.

तुझी आई


बंगळूर, २५ सप्टेंबर

ती. आईस,
जय भीम. वि. वि.

तुझं पत्र आजच हातात पडलं. सोबत मावशीला लिहिलेलं पत्र आहे, जवळ बसून वाचून दाखव. माझं साफ चुकलं, हे त्यात लिहिलंय. मला तुझी पाठ दिसत होती, तिचं काहीच दिसलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत येते आणि आधी औंढ्याला जाऊन तिच्या पाया पडते.

मला लोभाला पारखी करू नकोस.

मानसी


भाजे, ७ ऑक्टोबर

चि. मानसीस,
आईचा आशीर्वाद.

शालूबाई मंगळवारी पहाटे गेली. तुझं पाकीट गुरुवारी आलं. पप्पूकडं घेऊन गेले तर तो म्हणाला, मावशी, आता कुणाला वाचून दाखवणार.

डॉक्टर म्हणाले दुसरा झटका होता, तो येणारच होता. पप्पू तुला बोल लावत न्हाई. तू पैशापायी केलं न्हाईस, माझ्यापायी केलंस, ह्ये मला कळतं. कळतं म्हणून रडू थांबत न्हाई.

टपरी पप्पूनं मलाच चालवाय दिली. आता सगळ्या गाड्या माझ्याच. काल रविवारी येवढी माणसं आली की दुपारीच पीठ संपलं, आन शेजारी मागायला कुणी न्हाई. पैसे बँकेत भरलेत, तुला दिसतील. वाढ तुझ्या मनासारखी असंल.

दिवाळीला येते म्हणलीस. यंदा येऊ नगंस. तू माझी पोर हायस, तुझ्यावरची माया कुटं जात न्हाई. पण तू म्होरं बसलीस तर माझ्या तोंडून काय तरी निघून जाईल, आन त्ये मागनं परत घेता येणार न्हाई. मन जरा थाऱ्यावर येऊ दे. मी बोलवीन तवा ये. बोलवीन मी.

येळेवर जेवत जा.

तुझी आई