रविवारची कवळी

प्रिय ताई,

बाबांच्या घशातून नळी घालून पोट तपासायची वेळ तू पुढच्या शुक्रवारची ठरवली आहेस, म्हणून हे पत्र त्याआधी तुझ्या हाती पडावं अशी धडपड आहे. पत्र बघून तू आधी हसशील. ज्या भावाची निबंधात तीन ओळींच्या पुढे कधी मजल गेली नाही, ज्याचं नाव तूच 'भिंगरी' ठेवलंस, तो पानंच्या पानं लिहितोय! हसून घे, पुढे हसण्यासारखं फारसं नाही. सहा महिन्यांत बाबांचं नऊ किलो वजन उतरलं, त्याचं कारण मला सापडलंय आणि ते त्यांच्या पोटात नाही. तुझी भावजय हल्ली बाबांच्या प्रत्येक ताटाचा फोटो काढते. ती असं का करते, ते तुला ठाऊक आहे आणि मलाही. त्याकडे शेवटी येतो. सगळं एका वाक्यात सांगून टाकलं तर माझी फार स्वस्तात सुटका होईल.

माझं काम तुला कधीच आवडलं नाही. एकदाच माझ्या कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये आलीस, फळीवर मांडलेले प्लास्टरचे जबडे बघितलेस आणि चहा न घेता पळालीस. वीस वर्षं मला त्याचं काही वाटलं नव्हतं. हल्ली मलाही शिसारी येते. डेंटिस्ट लोक तोंडाची मापं पिशवीत घालून पाठवतात, कुणाच्या मापाला सकाळच्या नाश्त्याचा कण चिकटलेला, कुणाच्या मापात रक्ताची रेघ. ते धुताना मी तोंड फिरवतो. पण खरं सांगू का, या सगळ्यापेक्षा मला स्वतःची जास्त किळस येते, आणि हे पत्र त्याबद्दलच आहे.

दोन वर्षांपूर्वी मी एका गायनशिक्षिकेची कवळी एका पैलवानाच्या डबीत घालून पाठवली होती, ते आठवतं? तू आठवडाभर हसत होतीस. त्यानंतरच मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि त्यांनी सांगितलं की हा वेंधळेपणा नाही, लक्ष एका जागी न टिकण्याचा आजार आहे, लहानपणापासूनचा. गोळी सुरू झाली. पहिल्या दिवशी मी सकाळी नऊला बसलो आणि वरच्या जबड्याचे चौदाच्या चौदा दात मेणात लावूनच उठलो. मधे पाणी प्यायलाही उठलो नाही. त्या दिवशी घरी येऊन मी रडलो. बाबा शेजारी बसले होते, त्यांनी पाठ थोपटली.

चौथ्या महिन्यात ती जादू ओसरायला लागली. जी गोळी संध्याकाळपर्यंत पुरायची, ती जेवणाच्या सुट्टीआधीच संपल्यासारखी वाटायची. बाईंनी डोस एकदा वाढवला. पुन्हा मागायला गेलो तेव्हा त्यांनी नकार दिला. म्हणाल्या, शरीराला सवय होते, म्हणून वाढवत नेलं तर कुठे थांबणार? त्यापेक्षा वेळेवर झोपा, पोटभर खाऊन गोळी घ्या, आणि ज्या दिवशी काम नसेल त्या दिवशी गोळीलाही सुट्टी द्या. मी शहाण्या मुलासारखी मान हलवली आणि रविवारची गोळी बंद केली.

बंद केली म्हणजे काय केलं, ते ऐक. ती रविवारची गोळी मी दातांच्या रिकाम्या डबीत टाकायचो. गुरुवारी कामाचा ढीग लागला की ती डबी उघडायची आणि एकाच्या जागी दोन घ्यायच्या. बाई विचारायच्या, रविवारी घेत नाही ना? मी छाती पुढे काढून सांगायचो, नाही घेत. शब्दाशब्दाने खरं होतं ते! अशा खरेपणाची आता मला ओकारी येते. गोळीचा परिणाम टिकावा म्हणून दिलेली सुट्टी मीच वाया घालवत होतो. आठवडाभर तोंड कोरडं, भूक मेलेली, जबडा घट्ट आवळलेला. जगाचे दात बनवणाऱ्या माणसाने स्वतःच्या दाढा घासून सपाट केल्या. आणि रविवारी मी न पिळलेल्या फडक्यासारखा कोचावर पडलेला.

म्हणजे माझे चांगले दिवस गिऱ्हाइकांना आणि गाळ घरच्यांना. तुझा फोनही नेमका रविवारी अकरा वाजता येतो. त्यातलं अर्धं मला कधीच कळलेलं नाही, हे आज कबूल करतो.

गेल्या वर्षी बाबांचे उरलेसुरले दात काढले. घरात कारागीर असताना कवळी बाहेरून कशाला, असं तेच म्हणाले. डेंटिस्टने माप घेतलं आणि मी ते घरी आणलं. आठवड्याचे सहा दिवस गिऱ्हाइकांचे, म्हणून बाबांची कवळी रविवारी करायची ठरवली. घरचंच काम, निवांत करू! प्लास्टर ओतलं तेव्हा मी एकीकडे मॅच बघत होतो. ओतल्यावर साचा टेबलावर ठोकून आतले हवेचे फुगे काढायचे असतात, ते राहिलं. दात मेणात लावून झाले की तोंडात घालून ट्रायल घ्यायची असते, तीही मी घेतली नाही. डेंटिस्टला म्हणालो, घरचंच माणूस आहे, मी बघतो. तयार कवळीच्या आतून बोट फिरवून बघायचं, हे आमच्याकडे नवा आलेला माणूस पहिल्या आठवड्यात शिकतो. मी फिरवलं नाही, कारण तोवर मला कंटाळा आला होता.

आणि हे कुणाच्या बाबतीत? ज्या शिंप्याने चाळीस वर्षांत ट्रायल घेतल्याशिवाय एकही कोट दिला नाही, त्याच्या बाबतीत. आठवतं ना, गिऱ्हाइकाला कच्च्या शिलाईचा कोट घालून ते हात वर करायला लावायचे, खुर्चीत बसायला लावायचे, वाकून बुटाची नाडी बांधायला लावायचे. लग्नाची घाई असलेल्या नवरदेवालाही सोडायचे नाहीत. मी त्यांच्या तोंडात कवळी बसवली आणि कशी वाटते असं विचारलं. त्यांनी दोनदा चावून बघितलं, आरशात बघितलं आणि म्हणाले, छान बसलीय. तोवर मी किल्ल्या शोधायला लागलो होतो.

पुढचं तुला माहीत आहे. बाबांचं जेवण रेंगाळायला लागलं. सफरचंद नको, शेंगदाणे नकोत, पोळी नको, भूकच नाही. ताट अर्धं परत जायचं. सदरे खांद्यावरून ओघळायला लागले आणि त्यांनी स्वतःच ते मशिनवर आत घेतले. रक्त तपासलं, त्यात काही नाही. तू घाबरलीस, आम्हीही घाबरलो. विचारलं तर एकच उत्तर, वय झालं.

सतरा दिवसांपूर्वी त्यांच्या रिपोर्टची फाईल शोधताना मी शिलाई मशिनचा खण उघडला. बाबा बाहेर उन्हात बसले होते. खणात त्यांचा बटणांचा जुना डबा होता. उघडला तर आत कापडाचे छोटे छोटे तुकडे, कोटाच्या अस्तराचे, घोड्याच्या नालेच्या आकारात कापलेले. प्रत्येकाला चारी बाजूंनी बारीक दुमड, एक दोरा बाहेर नाही. सात होते. मला आधी वाटलं, कुणा नातीच्या बाहुलीसाठी काही शिवत असतील. मग वास आला. तो वास मी वीस वर्षं ओळखतो. काही तुकडे धुऊन पिवळट पडलेले, एकावर तपकिरी डाग, आणि डाग बरोबर एकाच जागी. मी डबा टाकून मोरीत जाऊन हात धुतले, तीनदा धुतले. माझ्या कवळीला बाबा अस्तर लावत होते, ताई.

ते आंघोळीला गेले तेव्हा कवळी उचलून आतून बोट फिरवलं. खालच्या कवळीत मोहरीएवढा टणक दाणा. हवेचा जो फुगा मी साच्यातून काढला नव्हता, तोच तिथे दाणा होऊन बसला होता. पाच मिनिटांत घासून निघाला असता. डेंटिस्टकडे नेलं, त्यांनी हिरडी बघितली आणि माझ्याकडे बघितलं. जखम जुनी होती. हिरडी भरेपर्यंत कवळी घालायची नाही, मग नवीन माप. मी घरात सांगितलं, कवळी जरा सैल झालीय. किती गुळगुळीत वाक्य! या सतरा दिवसांत मऊ भात आणि दुधात बुडवलेला पाव खाऊन बाबांचं वजन दीड किलोने वाढलंय. पोटाचे मोठे डॉक्टर म्हणाले, शुक्रवारची नळीची तपासणी तूर्त थांबवू, महिन्याने वजन बघून ठरवू.

आधी का बोलला नाहीत, असं मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, तू पहिल्यांदाच एका जागी बसून माझ्यासाठी काहीतरी केलं होतंस. आत्यालाही त्यांनी हेच कौतुकाने सांगितलं होतं म्हणे. नवीन कवळीसाठी बसतील का, असं मी भीतभीतच विचारलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, बसेन की, कितीही वेळा ट्रायल घे, फक्त रविवारी नको. त्यांना सगळं माहीत होतं.

आता मुख्य गोष्ट. दोन महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी तू फोनवर विचारलंस, तुझी बायको त्यांच्या ताटात काय वाढते, हे तू कधी बघतोस का? मी छताकडे बघत 'हूं' म्हणालो. तू म्हणालीस, तिला ते जड झालेत. मी पुन्हा 'हूं' म्हणालो. तुला वाटलं मी कबुली दिली, तू आत्याला सांगितलंस, आत्याने अख्ख्या गोतावळ्याला, आणि फिरत फिरत ते हिच्या कानावर आलं की ही सासऱ्यांना उपाशी ठेवते, असं नवराच म्हणतोय. ती माझ्याशी भांडली नाही. दुसऱ्या दिवसापासून फोटो काढायला लागली, एक वाढल्यावर आणि एक उठल्यावर. ती आणि मी एकाच टेबलावर जेवतो आणि मी ते बघत राहिलो. डबा सापडल्यावरही दोन आठवडे तिच्यापाशी तोंड उघडलं नाही. आपण इतके घाणेरडे असू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

सोमवारी डॉक्टरीणबाईंना साठवलेल्या गोळ्यांसकट सगळं सांगितलं. त्यांनी डबी काढून घेतली, डोस खाली आणला आणि म्हणाल्या की रोजची गोळी आता घरातलं कुणीतरी हातावर ठेवेल आणि सुट्टी कोणत्या दिवशी द्यायची ते घरी विचारून ठरवायचं. काल हिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, हे ताईंना कोण सांगणार? आज बुधवार. सकाळी तिने नाश्ता वाढला, हातावर एक गोळी ठेवली, आणि मी लॅब बंद ठेवून लिहायला बसलो. तू आत्याला फोन कर, आणि त्याआधी हिला कर. मला वाटेल तेवढे जोडे मार, ते माझ्या हक्काचे आहेत. पण आत्ता बाबांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला, सगळा संपवला, आणि तरी तिने रिकाम्या ताटाचा फोटो काढला. तो तिला पुन्हा काढावा लागू नये, म्हणून हे पत्र.

तुझाच,
भिंगरी