दोन वगळून

११ जाने. ७१, सोम. धामणगाव बढे
अकरावीला बीजगणित. संयुक्त फलनाचा प्रांत, म्हणजे कोणत्या संख्या घातल्या तर चालतात ते. पुस्तक यंदा नवं, शिकवणारी मीही यंदाच नवी. पहिलं फलन: १ भागिले (क्ष – २). जे येईल ते दुसऱ्यात: १ भागिले ते. शेवटी उरतं नुसतं क्ष – २. फळ्यावर लिहिलं, ‘प्रांत: २ वगळून सर्व संख्या’.
सुमित्रा उठली. वर्गातली एकटी मुलगी, बौद्धवाड्यातली. “बाई, पुस्तकात मागं उत्तरात तं सगळ्या संख्या लिवल्या हायेत.”
उद्या सांगते म्हटलं.

१२ जाने., मंगळ.
सकाळपासून ताडून पाहिलं. २ घातला की पहिल्याच फलनात शून्याने भागायची वेळ. दुसऱ्यापर्यंत काही पोचतच नाही. मग शेवटचं उत्तर कितीही साधं दिसो. माझंच बरोबर. पण भीती गेली नाही, वाढली.
हेडसरांना सांगितलं. म्हणाले, “पेपर तपासणारा पुस्तक पाहून मार्क देते. पोरायचे मार्क गेले तं गावाले तुम्ही तोंड देसान काय? सोमवारी तपासणीचे साहेब येऊन राह्यले. अन् तुमची नेमणूक तात्पुरती हाय, बाई.”
मामांनी वर्षाची मुदत दिली आहे. नोकरी टिकली नाही तर त्यांनी पाहिलेलं ते स्थळ. आई खामगावला, मामांच्या शब्दाबाहेर नाही.

१५ जाने., शुक्र.
शाळा सुटल्यावर सुमित्रा थांबली. “बाई, परीक्षेत काय लिवू? पहिला वर्ग नाई आला तं बाबा पुढं नाई शिकवनार मले.”
विचार करून सांगते म्हटलं. गणितात विचार कसला करायचा? ती उभीच. मग सांगितलं. २ वगळ.


१८ जाने., सोम.
साहेब आले. पुस्तक चाळून नेमकं तेच उदाहरण. सुमित्राला उभं केलं.
“सगळ्या संख्या, दोन सोडून.”
“का?”
“साहेब, दोन पहिल्या फलनातच अडकते. दुसऱ्याजवळ जाईन कसा?”
साहेबांनी मागचं पान उघडलं. “पुस्तकात तर असं नाही.”
सुमित्रा माझ्याकडे पाहू लागली. सगळा वर्ग पाहू लागला. हेडसर खोकले.
“पुस्तकात चूक आहे, साहेब.”
आवाज माझा वाटला नाही. त्यांनी माझं पूर्ण नाव विचारलं, लिहून घेतलं. चहा घेऊन गेले.

२४ मार्च, बुध.
मोताळ्याला मॅट्रिकच्या परीक्षेचं केंद्र. मुलांना एस.टी.ने घेऊन गेले. प्रश्न आलाच, फक्त २ च्या जागी ३.
सुमित्रा बाहेर आली. “तीन वगळला, बाई.”
वर्गातला वासुदेव म्हणाला, “मी पुस्तकासारखंच लिवलं. राग नका धरजा.”
राग कसला. बरं वाटलं, निदान याचे मार्क वाचतील. आणि असं वाटल्याची लाज वाटली.
पुढच्या वर्षीच्या नेमणुकीची ऑर्डर अजून नाही.
येताना सुमित्रा माझ्या खांद्यावर झोपली, निवांत. मी गाव येईपर्यंत मनात तेच गणित करत होते. तीन चालत नाही. कसंही केलं तरी चालत नाही.