हॉबरी खुर्दच्या चर्चची भिंत आणि मी

ती. अर्सुलाताईस,

धाकट्या हेस्टरचा वाकून नमस्कार (वाकता येत नाही, पण लिहिता येतं). तुझे गुडघे, भावोजींचा दमा आणि तुमच्याकडची समुद्राची ओली हवा, या तिघांचं आपसात जमतंय ना? मी ठीक आहे. बरगडीवर मोठा व्रण आहे, पण तो मानाचा आहे. तो कसा मिळाला हे सांगायलाच बसले आहे, तेव्हा आधी चहा ओतून घे.

आपलं चर्च बंद करून आपल्याला हॉबरी बुद्रुकच्या चर्चला जोडायचा घाट वरच्या मंडळींनी घातला होता, हे तुझ्या कानावर आलंच असेल. (बुद्रुकवाल्यांनी चर्चभर गरम पाण्याच्या नळ्या फिरवल्या आहेत. देवही हिवाळ्यात त्यांच्याकडेच उतरतो, असा त्यांचा समज आहे.) निकाल द्यायला आर्चडीकन कारबरी, म्हणजे बिशपसाहेबांचा उजवा हात, उन्हाळा लागता लागता एका मंगळवारी दुपारी येणार होते. चर्चची वॉर्डन म्हणून झाडलोट माझ्याकडे आणि फुलं मिसेस पॉटिंगरकडे. आम्हा दोघींचा छत्तीसचा आकडा तुला नव्याने सांगायला नको.

वेदीपुढच्या कमानीशेजारी भिंतीच्या पोटातून तो अरुंद जिना वर जातो ना? पूर्वी कमानीवर क्रूसाचा लाकडी माळा होता, त्याचा तो जिना. माळा फोडून टाकला त्याला शतकं लोटली. जिना तेवढा राहिला आणि त्याचं वरचं दार थेट हवेत उघडतं. त्या दारात कावळ्यांनी काटक्यांचा संसार मांडला होता. साहेबांची नजर पहिली तिकडेच जाणार म्हणून मी केरसुणी घेऊन चढले. चढताना जिना जरा अंगाशी आला, पण मी श्वास धरून वर सरकले, दारातून खांदे बाहेर काढले, काटक्या खाली लोटल्या आणि मागे फिरायला गेले तर फिरता येईना. पुढे पाऊल टाकावं तर खाली फरशी. जुन्या काळचे पुजारी उपासतापास करत असावेत. त्यांच्या मापाच्या दारात मी बाटलीच्या तोंडातल्या बुचासारखी बसले.

आणि नेमके त्याच वेळी साहेब आले, ठरल्यापेक्षा लवकर. बरोबर आपले पाद्री टॉमलिन, बिचारे घामाघूम. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, मग वर पाहिलं आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "बाई, आपण खाली येऊन बोलाल का?"

"साहेब," मी म्हटलं, "तेच जमत नाहीये."

पाद्रीबुवा घंटा वाजवणाऱ्या जॉब फॅरंटला आणायला धावले. साहेबांना मला तशी सोडून जाता येईना, म्हणून ते खालच्या बाकावर बसले. ताई, अशी संधी पुन्हा आली नसती. मी बोलायला लागले. दक्षिणेच्या दाराची अर्धगोल कमान आणि तिच्यावरची नागमोडी नक्षी सांगितली, ती कोरणाऱ्याचा हात अर्ध्यावर बदलला तेही सांगितलं. लोकरीच्या व्यापाऱ्याने नवसाला बांधलेली उत्तरेची बाजू सांगितली. यादवीतल्या शिपायांनी छतातल्या लाकडी देवदूतांवर झाडलेली छर्‍यांची भोकं तर मला वरून हाताच्या अंतरावर दिसत होती. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पण मनोरा कललाय, बाई."

"तो आपल्या आजोबांच्या आजोबांच्या आधीपासून कललाय. आज आपण येणार म्हणून कललेला नाही."

"आणि ओल?"

"ओल आहे. पण आमच्या आईबापांची लग्नं याच ओलीत लागली आणि ती टिकली."

साहेब हसले, पण मान नकारार्थीच हलली. माझ्या पोटात खड्डा पडला. (तेवढी जागा झाली तरी मी निघाले नाही.)

तेवढ्यात जॉब आपली घंटेवाली मंडळी घेऊन आला. पाठोपाठ अर्धा गाव. मिसेस पॉटिंगर हातात डेलियांची जुडी घेऊन म्हणाली, "शुक्रवारपर्यंत जेवायला देऊ नका, आपोआप निघेल." जॉबने जिन्यातून वर येऊन माझ्या कमरेला घंटेचा दोर बांधला आणि सगळे खालून ओढू लागले, घंटेच्या तालावर, कारण दुसरं ओढणं त्यांना येत नाही. मी केरसुणीचा दांडा बाहेरच्या भिंतीला रेटून धरला होता. तिसऱ्या हिसक्याला दांडा घसरला आणि कमानीवरच्या चुन्याचा भला मोठा पापुद्रा सुटून साहेबांच्या पुढ्यात आदळला. काळा झगा पांढरा झाला.

सगळे माझ्या शेजारी बघत होते. मी मान वळवली, तर हातभर अंतरावर एक लालभडक तोंड, शिंगं, आणि त्याच्या पाठीवर गाठोड्यासारखी टाकलेली एक बाई, हातात दारूचा कुंजा. शतकांपूर्वी चर्चमधली चित्रं पुसायचा राजाचा हुकूम आला तेव्हा आपल्या गावाने ती खरवडली नव्हती, वरून नुसता चुना फासला होता.

साहेब उभे राहिले. त्यांनी टोपी काढली. दोर धरणारेही दोर सोडून पुढे आले, आणि मी होते तिथेच. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी मिसेस पॉटिंगरच म्हणाली, "अहो, ती अजून अडकलीय. चित्रातली नव्हे, आपली." ताई, 'आपली' म्हणाली ती. मग सगळ्यांनी पुन्हा दोर धरला आणि पुढच्याच हिसक्याला मी बरगडी खरवडून घेत जिन्यात सुटले.

लंडनहून मिस लेव्हेट नावाच्या जाणत्या बाई आल्या आणि अख्खा उन्हाळा परांचीवर बसून मऊ कुंचल्याने चुना उतरवत राहिल्या. कमानभर शेवटच्या न्यायाचा दिवस निघाला आहे: वर पुण्यवंत, खाली पापी, आणि मापात पाप करणारी ती दारूवाली. चर्च बंद करायची गोष्ट आता कोणी काढत नाही. गेल्या रविवारी आर्चडीकनसाहेबांनी स्वतः येऊन प्रवचन दिलं आणि बुद्रुकवाले ओव्हरकोट घालून आपल्या थंडीत मुकाट बसले. जॉबने अशी घंटा घुमवली की ती त्यांच्या नळ्यांपर्यंत पोचली असेल.

तुझी,
हेस्टर

ता. क. सुगीच्या रविवारी खुद्द बिशपसाहेब येणार आहेत. वर्तमानपत्रवाल्याला मी केरसुणी घेऊन त्या दारात उभी हवी आहे आणि मी होकार देऊन बसले आहे. दार काही रुंद झालेलं नाही. तू पहिल्यापासून काडी. माझी हिरवी टोपी घातलीस तर खालून कोणाला कळणार नाही. शनिवारच्या बसने ये. गुडघ्यांचं आपण बघू.

ता. क. आणखी एक. त्या दारूवालीचं नाक हुबेहूब माझं आहे, असं गावात सगळे म्हणतात. माझं नाक म्हणजे तुझंच. तेव्हा फोटोच्या वेळी तोंड जरा दुसरीकडे कर.