सायली का पळाली

चि. पंडितला नाशिकहून अक्काचा आशीर्वाद. आधी पाणी पी, मग वाच.

नाय रे बाबा, कॉलेजात बिघडली म्हणून तुझी लेक सायली पळाली नाय. तुझी बायको मोबाईलला बोल लावते, तू मैत्रिणींना. अरे, बँडवाल्याच्या मनोजशी लग्न करते म्हणाली, तर तू तिला कोंडलंस. दार लावल्यावर माणूस खिडकी शोधतोच.

वर रोज 'वाया गेली' म्हणायचास. तुझे दाजी गेल्यावर मी एकदा मोठ्यानं हसले, तर गाव मला उंडगी म्हणालं. तवापासून मी एक पिच्चर सोडला नाय!

दोघं माझ्याकडं खुशाल हायेत. पोरगी दोन भाकरी खाते, पण फोन वाजला की दचकते. तुझी बीपीची गोळी चालू हाय ना?

भांडायचं तर ये. पोरीला मी परत धाडणार नाय.

आणि ऐक, त्यांच्या रजिस्टर लग्नाला साक्षीदार म्हणून मीच सही केली.

तुझी अक्का