वाफसा आलाय का?

मंगळवार, निगडी

आज चाकणला आम्हा शेतीशिक्षकांची कार्यशाळा होती. प्रशिक्षकांनी घमेल्यातली ओलसर माती मुठीत देऊन विचारलं, "वाफसा आलाय का?" म्हणजे, पेरण्याजोगी झालीय का. मी म्हणाले, "आलाय." लातूरचे कांबळे सर म्हणाले, "अजून कुठं?" चिपळूणच्या मॅडम तर म्हणाल्या, "येऊन गेलासुद्धा!"

घमेलं एकच, मग तीन उत्तरं कशी? काळी, तांबडी, माझी मावळातली... जो तो मुठीत आपल्या गावचीच माती दाबत होता की काय? तेच डोक्यात घोळतंय.

घरी आल्याआल्या बाल्कनीतल्या कुंडीतली माती मुठीत घट्ट दाबली आणि पुटपुटले, "आलाय."

इथंच फ्लॅटमध्ये वाढलेली माझी लेक दाराकडे बघत म्हणाली, "कोण आलंय, आई?"